पोस्टरवरचं कोपर

पोस्टरवर माझं फक्त कोपर होतं. ल्यूशस न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवर कुणीतरी ते नुकतंच डकवून गेलं होतं, खळ अजून खाली ओघळत होती, आणि मी व्हाइन स्ट्रीटच्या फुटपाथवर हातात डुकराच्या नाकाडाचं गरम सँडविच धरून खुळ्यासारखी बघत उभी. बँड माझाच होता. फोटो गेल्या ईस्टरला काढलेला. ड्रममागे थॅडियस, बास कवेत घेतलेले हॉसियाकाका, पुढच्या रांगेत सॅक्सोफोनवाले चौघे, मागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, आणि उजव्या टोकाला पियानोशी मी. नेमकी तिथेच कात्री चालली होती. साटिनच्या बाहीतलं कोपर तेवढं कापायचं राहिलं होतं. आणि मधोमध, जिथे फोटोत नुसती मोकळी फरशी होती तिथे, पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस हातात बँड चालवायची छडी घेऊन दात दाखवत उभा केलेला. वर ठसठशीत अक्षरं: कॉर्टलँड ब्रिग्ज आणि त्यांचे पेसिओ स्टॉम्पर्स. त्यांचे! हे नाव मी ठेवलं तेव्हा हा माणूस शिकागोत कुठे आरशासमोर भांग पाडत असेल. ल्यूशस वस्तरा घेऊनच दारात आला. "काय ओडेसाबाई, बँड विकला की काय?" म्हणाला. मी म्हटलं, "तोंड आवर ल्यूशस, नाहीतर त्याच वस्तऱ्यानं तुझी हजामत करीन." "मी आपलं विचारलं हो. पण काही म्हणा, कोपर झकास आलंय!" आत खुर्चीवर अर्ध्या तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. एरवी मीही हसले असते. ल्यूशसच्या थट्टेला मी कधी हार गेलेली नाही. पण त्या वेळी तोंडातला घास फिरायला लागला, तो धड गिळताही येईना आणि भररस्त्यात थुंकताही येईना.

चालायला लागले. पाय आपले आपण वादकांच्या युनियनच्या घराकडे वळले, मग परत फिरले. त्या ब्रिग्जला गाणारा म्हणून आणलंय असं मला सांगितलं होतं. हॅलोरननं सांगितलं होतं, आमच्या एजंटनं, माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हातची मक्याची भाकरी खात. "ओडेसा, एक देखणा गाणारा हवा पुढे. दोन गाणी म्हणेल, प्रेक्षकांकडे बघून हसेल, बस. बँड तुझाच." आणि मी विश्वास ठेवला. काल युनियनच्या घरी माडीवर सराव होता तेव्हा तो आला. वागायला गोड होता, नाही कशाला म्हणू. सगळ्यांशी हात मिळवला, हॉसियाकाकांना खुर्ची दिली. मग खिशातून छडी काढून पुढे उभा राहिला आणि हवेत काहीबाही रेघोट्या ओढायला लागला. थॅडियसनं माझ्याकडे बघून डोळा मारला. मी मानेनंच म्हटलं, असू दे. गाण्याच्या शेवटी त्यानं छडी खाली आणली आणि मी पाहुण्याचा मान म्हणून त्याच क्षणी डाव्या हातानं शेवटचे सूर दिले. बँड थांबला. बिचाऱ्याला वाटलं छडीनं थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मला गंमत वाटली होती. आज त्या गमतीचा राग यायला लागला. पण त्या बाबाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी तरी कशाला सांगेन, की आमच्या बँडमध्ये पुढे कुणी बघतच नाही. पुढे बघायचं काय असतं? आमच्याकडे कागद नाहीत. या गावात आम्ही गाणं कागदावर लिहीत नाही, एकमेकांच्या कानात ठेवतो. सॅक्सोफोनवाले एक छोटा तुकडा धरतात, मागचे त्याला उत्तर देतात, फेरीवर फेरी चढत जाते, नाचणाऱ्यांच्या अंगात असेल तोवर चालते. किती फेऱ्या ते कुणालाच आधी माहीत नसतं. संपवायचं असलं की मी पियानोच्या अगदी खालच्या टोकाचे तीन सूर देते, एकामागून एक, ठाम. ते आले की ती फेरी शेवटची. ते आले नाहीत तर आभाळ कोसळलं तरी कुणी तोंडातून वाद्य काढत नाही.

हे मी कुठे शिकले ते हॅलोरनला सांगूनही कळलं नसतं. माझ्या गावी, सिडेलियाच्या आमच्या चर्चमध्ये सिस्टर टेम्पी पहिल्या बाकावर बसायची, हातात ताडाच्या पानाचा पंखा. भजन सुरू झालं की तिचा पंखा हलायला लागायचा, आणि तो हलतोय तोवर भजन. कितीही वेळ. पंखा मांडीवर टेकला की मंडळी हळूहळू खाली यायची. एकदा एक नवे पाद्री आले, शिकलेले, घड्याळवाले. त्यांनी भजन मध्येच आटोपतं घ्यायला पुस्तक मिटलं आणि "आमेन" म्हणाले. सिस्टर टेम्पीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंखा हलतच राहिला, चर्च गातच राहिलं, आणि पाद्रीबाबा पुस्तक छातीशी धरून उभे. मी तेव्हा आईच्या शेजारी, हार्मोनियमशी. आई पाय मारायची, मी पट्ट्या दाबायची. मला हसू आवरेना तसा आईनं चिमटा काढला. पण तिच्याही गालाला खळी पडली होती. ती खळी मी नंतर पुष्कळ वर्षं पाहिली नाही. तंबूवाल्यांच्या खेळात पियानो वाजवायला घरातून निघाले त्या दिवशी आई मागच्या अंगणात गोऱ्यांच्या चादरी पिळत होती. तिनं वळून बघितलं नाही. पत्रं नाहीत, निरोप नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, थोरली परगावी असते. नाव घ्यायची नाही. आणि आता, हा रेडिओचा कार्यक्रम ठरल्यावर, तिचा फोन आला. तिचा म्हणजे मिस्टर गेन्सच्या दुकानातून, प्रेतं सजवायचं दुकान आहे त्यांचं, आमच्या काळ्या लोकांत फोन आणि रेडिओ दोन्ही तिथेच. आई फोनमध्ये ओरडूनच बोलत होती. "शनिवारी आम्ही सगळे इथे जमणार आहोत. टेम्पीबाईसुद्धा येणारेत. नाव घेतील ना गं तुझं?" मी म्हटलं, "घेतील की आई." "तसं नाही. मला त्या धांगडधिंग्यात कोण काय वाजवतंय ते मेलं काही कळायचं नाही. नाव घेतलं म्हणजे मी सांगीन सगळ्यांना, ही माझी." ही माझी! एवढे दोन शब्द ऐकायला मी किती गावांच्या किती मोडक्या पियानोंवर बोटं झिजवली. फोन ठेवला आणि तिथेच जिन्यावर बसून रडले, लाज कसली त्यात.

कार्यक्रम होता त्या नाचाच्या हॉलच्या मागच्या दारात हॅलोरन सिगार चघळत उभा होता. माझा चेहरा बघून त्यानं ओळखलं. "बघितलंस वाटतं पोस्टर," म्हणाला. मी म्हटलं, "बघितलं. माझ्या कोपराला निराळे पैसे देणार आहात का?" तो हसला, मग हसू आवरलं. "हे बघ ओडेसा. या कार्यक्रमाला पैसे बेकिंग पावडरवाले देतायत. त्यांना पुढे पुरुष हवा. बाई बँड चालवते म्हटलं की लोकांना ती सर्कस वाटते. त्यांना आवडलं तर न्यूयॉर्कला तीन महिन्यांचं काम मिळतंय, ऐकतेयस का? न्यूयॉर्क!" "रेडिओवर कुणी दिसतं का हो, मिस्टर हॅलोरन?" "म्हणजे?" "दिसत नाही ना? मग देखणा कशाला आणलात? घरी बसून ऐकणाऱ्याला त्याचे दात ऐकू येणारेत का?" त्यानं सिगार तोंडातून काढला. "निवेदकाला एक नाव घ्यावं लागतं. ते नाव त्याचं असेल. वाजवणार तूच आहेस, तुझ्याजवळ मी वेगळा माइक टांगलाय, आणखी काय पाहिजे?" तो हे खरंच दिलदारपणे म्हणाला, हेच तर. त्याला वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी जीभ चावली. म्हटलं, "वाजवीन की. रोजच्यासारखं वाजवीन." "शहाणी आहेस," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

मागच्या खोलीत सगळा बँड बसला होता. पोस्टर सगळ्यांनी पाहिलं होतं. थॅडियस म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणा, आत्ता पेट्या भरतो." हॉसियाकाका बासच्या तारा पुसत राहिले. मी विचारलं, "आणखी कुणाला काय म्हणायचंय? आत्ता बोला. उद्या माझ्या नावानं बोटं मोडू नका." तेव्हा क्लीटस उठला, ट्रॉम्बोनवाला. चार लेकरं त्याला, आणि पाचवं वाटेवर. "खोटं कशाला बोलू, बाई," म्हणाला, "मला न्यूयॉर्कला जायचंय. नाव कुणाचंही लावा, मला जायचंय." थॅडियस त्याच्या अंगावर धावला, "अरे गाढवा, बाईंनी तुला त्या कत्तलखान्यातून उचलून आणलं, आणि आता..." मी त्याला गप्प केलं. क्लीटसचं खोटं नव्हतंच. माझ्या नावासाठी त्याच्या लेकरांचं न्यूयॉर्क का जावं? हा प्रश्न मला तिथे उभ्या उभ्या लागला, आणि खरं सांगते, आजही लागतो. पण मग दुसरं वाटलं, की नाव देऊन टाकलं तर न्यूयॉर्कला जाईल ते काय? आज कोपर ठेवलंय, उद्या तेही कापतील, परवा हॉसियाकाका म्हातारे दिसतात म्हणून त्यांच्या जागी कुणीतरी गुळगुळीत पोरगा येईल, तेरवा क्लीटस जाडा आहे. आणि तिकडे मिस्टर गेन्सच्या दुकानात, शवपेट्यांच्या मधे मांडलेल्या खुर्च्यांवर, सगळं चर्च बसलेलं, आणि आई मान वाकडी करून रेडिओच्या जाळीला कान लावून. मी एवढंच म्हटलं, "आपण वाजवायचं. नेहमीसारखं. सुरू कसं करायचं आणि थांबायचं कधी, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला छडीकडे बघून थांबायचं असेल त्यानं थांबावं, मी त्याला काही म्हणणार नाही." थॅडियसच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. हॉसियाकाकांनी पहिल्यांदा मान वर केली. "किती वेळ चालवायचं म्हणतेस, पोरी?" "माझा हात दुखेपर्यंत," मी म्हटलं. क्लीटस खाली बघत होता.

शनिवारची दुपार, तरी हॉल गच्च. सगळी आमचीच माणसं. कत्तलखान्यातली, रेल्वेतली, लोकांच्या स्वयंपाकघरांतली, आठवडाभर मान खाली घालून आता पायांत ठिणग्या घेऊन आलेली. भिंतीवर लाल दिवा लागला, म्हणजे आता इथला आवाज रेडिओवर जाणार, आणि निवेदक माइकपाशी तोंड नेऊन मधाळ आवाजात म्हणाला, सादर करीत आहोत, कॉर्टलँड ब्रिग्ज आणि त्यांचे पेसिओ स्टॉम्पर्स. हॉल एकदम चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून कपडे धुणारी जाडजूड मिसेस टिल्मन मोठ्यानं म्हणाली, "कोण गं बाई हा?" ते सगळीकडे गेलं असणार. लोक फिसकन हसले. ब्रिग्ज लाल झाला, पण त्यानं छडी उचलली, आणि मी सुरुवात केली. सुरुवात माझीच असते, एकटीची, उजव्या हातानं, जरा रेंगाळत, जिन्यावरून कुणी तरी उतरून येतंय तशी. मग हॉसियाकाका पायाखाली फरशी घालतात. मग थॅडियस. मला आजपर्यंत त्या क्षणाचा कंटाळा आलेला नाही, बारा माणसं एका श्वासानं आत येतात आणि माझ्या पाठीचा कणा सरळ होतो, आणि मी कुणाची धोबिणीची पोर, कुणी सोडलेली, कुणी कापलेली, यातलं काही उरत नाही. मी तेव्हा कुणालाच घाबरत नाही. पहिली दोन गाणी ब्रिग्ज म्हणाला. बरी म्हणाला, गळा आहे त्याला. दोन्हींच्या शेवटी त्यानं छडी खाली आणली आणि मी तीन सूर दिले. तो खूश. हॅलोरन कोपऱ्यात खूश. मी गालातल्या गालात हसत होते.

शेवटचं गाणं आमचं, बिनशब्दांचं, नाचाचं. फेऱ्या चढत गेल्या. सॅक्सोफोनवाल्यांनी एक तुकडा धरला, मागच्यांनी त्याला टोला दिला, फरशी थरथरायला लागली. निवेदकानं बेकिंग पावडरची जाहिरात हातात घेतली आणि ब्रिग्जला खूण केली. ब्रिग्जनं हसत, झोकात, छडी खाली आणली. मी डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. उजव्यानं वाजवत राहिले. बँड चालूच. त्यानं पुन्हा छडी आणली, आता जरा जोरात. चालूच. त्याला वाटलं कुणी पाहिलं नाही, तो दोन पावलं पुढे येऊन हात हलवायला लागला, आणि नाचणाऱ्यांना वाटलं हा चेव देतोय, तसे ते दुप्पट चेकाळले. आणि तेव्हा मागच्या रांगेत क्लीटसनं ट्रॉम्बोन खाली घेतला. मला पाठीमागून ऐकू आलं, टोल्यात तेवढीच एक भेग. वळून बघितलं नाही, मी म्हटलं होतं काही म्हणणार नाही म्हणून. एक फेरी भेगेसकट गेली. थॅडियस ड्रम असे बडवत होता, जणू ती भेग एकटाच बुजवणार होता. आणि मग, दुसऱ्या फेरीच्या मधेच, मागून क्लीटस आला. आला म्हणजे कसा, त्या ट्रॉम्बोनमधून असा हंबरला की पुढच्या सॅक्सोफोनवाल्याची टोपी हलली. काय चाललं होतं त्याच्या मनात, कुणास ठाऊक. नंतर विचारलं तर म्हणाला, "ओठ गार पडायला लागले, बाई."

निवेदक बेकिंग पावडरचं काहीतरी बोलायला गेला, ते कुणालाच ऐकू गेलं नसणार. हॅलोरन कोपऱ्यातून दोन्ही हातांनी माझ्याकडे गळा कापल्याच्या खुणा करत होता, सिगार खाली पडलेला. मी त्याला मान हलवून नमस्कार केला. न्यूयॉर्क गेलं, हे मला दिसत होतं. गेलं तर गेलं. हॉल आमचा होता, कान आमचे होते, आणि ज्या हातानं हे थांबणार होतं तो माझ्या मांडीवर आरामात पडला होता. ब्रिग्ज घामानं निथळत माझ्याकडे आला, छडी काखेत, पांढऱ्या कोटाला पाठीवर डाग. त्याला आता कळलं होतं. बिचारा वाईट नव्हता, त्यालाही कुणीतरी खोटंच सांगून आणलं होतं. तो वाकला, अगदी हॅलोरननं टांगलेल्या त्या माइकशेजारी, आणि म्हणाला, "बाई, संपवा ना आता." मी वाजवता वाजवता म्हटलं, "कोण बाई?" "मिस ओडेसा! संपवा ना!" "अशा ओडेसा मिझूरीत ढिगानं आहेत. आडनाव?" त्यानं भिंतीवरच्या दिव्याकडे बघितलं, अजून लाल होता. हॅलोरनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं, रागही असेल, पण शपथेवर सांगते, थोडं हसूही होतं. त्यानं छडी माझ्या पियानोवर ठेवली, माइक हातात धरला आणि गाणाऱ्याच्या भरदार गळ्यानं, छाती फुगवून ओरडला, "मिस ओडेसा प्रूइट! हा बँड तुमचा आहे! देवासाठी तरी थांबवा!"

हॉलमध्ये जो आरडाओरडा उठला तो मी सांगत बसत नाही. दिवा लालच होता. मी डोळे मिटले. सिडेलियात आई आता मान वर करून सगळ्यांकडे बघत असेल, मिस्टर गेन्सकडे, पाद्रीबाबांकडे, सिस्टर टेम्पीकडे, गालाला ती खळी, आणि काय म्हणत असेल ते मला माहीत होतं. तिला ते सगळ्यांना, एकेकाला, नीट सांगून होऊ दे म्हणून मी आणखी एक फेरी वाजवली. मग डावा हात उचलला.